वैशाली वाटेत होती

शिरूरच्या दवाखान्यात मावशी गेली, त्याला आता सहा आठवडे होतील. माझा राग मात्र उतरत नाही. त्या सकाळी मीच वैशालीला फोन केला. वैशाली म्हणजे मावशीची एकुलती एक लेक, टोरोंटोला असते. तिथं तेव्हा रात्र. ती म्हणाली, "ताई, मी निघते. आईला ठेवा."

टोरोंटो ते मुंबई साडेबारा हजार किलोमीटर. फ्रँकफर्टला विमान बदलायचं, सगळं धरून वीसेक तास, पुढे मावशीच्या गावापर्यंत, वडगाव रासाईपर्यंत, गाडी. तिथलं त्याच रात्रीचं विमान मिळालं, म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारी ती दारात असती. मी हे मावशीच्या धाकट्या दिरांना, आप्पांना, नीट समजावून सांगितलं. ते म्हणाले, "लेकीसाठी कुठं थांबत्यात व्हय?"

याच घरात थोरले दीर गेले, तेव्हा त्यांचा मुलगा दुबईहून येईपर्यंत बर्फाची शवपेटी आणून सगळे थांबले होते. तेव्हा कुणाला घाई नव्हती. मी ते बोलून दाखवलं, तर भावकीतली चार माणसं माझ्याकडं अशी बघायला लागली, जणू मीच काही वंगाळ बोलले.

आणि हे कुणाच्या बाबतीत? मावशीचे यजमान, आमचे काका, गेल्यावर आप्पांनी वैशालीचं लग्न जमवायला घेतलं, तेव्हा एकटी मावशी आडवी उभी राहिली आणि पोरीला पुण्याला शिकायला धाडलं. पुढं तिच्या बाळंतपणाला मावशी एकटी टोरोंटोला गेली. तोवर दौंडच्या पलीकडं फारशी न गेलेली बाई! फ्रँकफर्टला एक गुजराती बाई दिसली, तिच्या पदराला धरल्यासारखी मागं मागं चालत पुढच्या विमानात जाऊन बसली. परत आल्यावर आळीतल्या बाया विचारायच्या, किती लांब हाय गं? मावशी म्हणायची, "लांब कसलं? बसायचं आन् उतरायचं. लेक हाय तिथं."

दिवस मावळायच्या आत भीमेकाठी सगळं उरकलं. फ्रँकफर्टला उतरल्यावर वैशालीचा फोन आला. ते मला सांगावं लागलं. तिनं पुढचं विमान तरीही पकडलं.

दुसऱ्या दिवशी ती घरी न येता आधी नदीवर गेली. आप्पा मागोमाग आले, मयत राहिलं नसतं, पाव्हणे खोळंबले होते, असं काहीबाही सांगत राहिले. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"आप्पा, मी वाटेत होते," एवढंच ती म्हणाली.

राख सावडायच्या दिवशी ती पुरुषांच्या पुढं चालत गेली. बायकांनी यायचं न्हाई, असं कुणीतरी पुटपुटलं. ती वाकली आणि आईच्या अस्थी स्वतःच्या हातानं गोळा केल्या. तिला अडवायची कुणाची छाती झाली नाही.

जाताना तिनं मावशीच्या खोलीची किल्ली माझ्याकडं दिली. मी दौंडहून अधूनमधून जाते, झाडलोट करते. दारामागच्या खुंटीला टोरोंटोचा जाडजूड कोट अजून आहे. इथल्या उन्हात त्याचा काय उपयोग? पण मावशी दर दिवाळीला तो उन्हात घालायची, झटकायची, परत अडकवायची. परवा आप्पांच्या बायकोनं विचारलं, हे धूड कुणाला तरी देऊन टाकू का?

मी म्हटलं, "वैशाली येईल तेव्हा ती ठरवंल. तोवर थांबायचं."