अर्धा इंच

"तुमचा डावा खांदा अर्धा इंच उतरलाय," टेलर मास्तर म्हणाले. समोर गिऱ्हाईक बसलेलं नाही हे त्यांच्या लक्षात आलं, तोवर वाक्य संपलं होतं.

समोर होत्या टपाल वाटणाऱ्या बाई. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या त्या छोट्या बारमध्ये शेजारच्या स्टुलावर येऊन बसल्या होत्या. बोलणं गर्दीवरून खारवलेल्या दाण्यांवर आणि दाण्यांवरून शिवणकामावर अगदी सुरळीत आलं होतं. वर्षाला किती सुया मोडतात, असं त्यांनी विचारलं होतं. मास्तरांना आजवर हे कुणीच विचारलं नव्हतं. "चाळीसेक," असं सांगताना ते खुलले आणि खुलले की त्यांची जीभ टेपसारखी उलगडत जाते.

"अर्धाच ना?" बाई म्हणाल्या. ग्लास ठेवून, रिकामी टपालपिशवी उचलून निघून गेल्या.

काउंटरमागचे काका ग्लास पुसत म्हणाले, "मागच्या महिन्यात त्या नर्सबाईंना काय म्हणाला होतात?"

"कॉलर मानेला लागतेय, एवढंच."

"आणि त्याआधी?"

"काका, तुम्ही ग्लास पुसा."

मास्तर सेहेचाळीस वर्षांचे. त्यांना दर गुरुवारी सहाला दुकान बंद करून इथे बसायला लावलं ते थोरल्या बहिणीने. "अरे, दुकानात येणारी प्रत्येक बाई दुसऱ्याच्या लग्नासाठी कपडे शिवून घ्यायला येते," ताई म्हणाली होती. "जरा माणसांत जा." मास्तर गेले, पण डोळे दुकानातलेच घेऊन. समोरच्या माणसाची आधी शिवण दिसायची, मग माणूस. याआधी बायका उठून गेल्या तेव्हा त्यांनी उरलेले दाणे निवांत संपवले होते. या वेळी मात्र आठवडाभरात त्यांनी एक बाही आखूड कापली आणि एका शर्टाला काज उलट्या बाजूला पाडलं. त्या परत येतील की नाही, हे एकच डोक्यात होतं.

पुढच्या गुरुवारी बाई आल्या. अंगातला करडा कोट काढून त्यांनी काउंटरवर ठेवला.

"एकोणीस वर्षं याच खांद्यावर टपाल वाहतेय. करा सरळ. बघू तुमचा अर्धा इंच."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी डाव्या खांद्यात जादा पॅड घातला, अस्तर असं शिवलं की टाका शोधूनही सापडू नये, आणि आठवड्याने कोट आणून दिला. बाईंनी तो घालून बाटल्यांमागच्या आरशात पाहिलं.

"सरळ दिसतेय की मी."

"दिसताय."

मग त्यांनी पिशवी खांद्याला लावली. ती घसरली. पुन्हा लावली, पुन्हा घसरली.

"मास्तर, दर दाराशी पिशवी सावरत बसले तर पत्रं वाटू कधी?"

अशा वेळी गिऱ्हाइकाला द्यायचं एक ठरलेलं उत्तर मास्तरांपाशी वीस वर्षांपासून तयार आहे: घालून घालून बसेल. ते ओठांपर्यंत आलंही. काका ग्लास पुसायचे थांबले.

"चुकलं," मास्तर म्हणाले. "मी खांद्याचं माप घेतलं, पिशवीचं नाही. द्या, आत्ताच उसवतो."

खिशातून लहान कात्री निघाली, सुईदोराही निघाला. काउंटरवरच्या दिव्याखाली ते टाका टाका उसवत बसले आणि बाई शेजारी दाणे खात बसल्या. पॅड निघाला. खांदा पुन्हा होता तसा झाला, उतरलेला. मास्तरांनी तो नीट पाहिला आणि त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

"इथे एक पट्टी लावून देतो," ते म्हणाले. "पिशवीचा पट्टा तिच्याखालून घ्यायचा. मग पिशवी जागची हलायची नाही. बटण तेवढं या रंगाचं जवळ नाहीये. पुढच्या गुरुवारी."

याला आता सात गुरुवार झाले. पट्टी कोटावर नुसतीच लोंबतेय. दुकानात करड्या बटणांचा डबा भरलेला आहे. ताईने परवा तो उघडून पाहिला, भावाकडे पाहिलं आणि झाकण लावलं.

"मास्तर, बटण?" बाई आल्या आल्या विचारतात.

"राहिलंच की."

"बरं," म्हणत त्या कोट खुंटीला लावतात आणि स्टूल जवळ ओढतात.