गुंडूला न उचलता

ससा औषधांच्या कपाटामागे शिरून बसला होता. अभिजित सबनीस हातात टॉवेल घेऊन कपाटासमोर उभा होता. त्याची आई, निर्मलाकाकू, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांच्या उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत बँडेज होतं आणि तो हात त्यांनी मांडीवर जपून ठेवला होता.

मी बंगळुरूच्या जे. पी. नगरमध्ये प्राण्यांचा दवाखाना चालवते. माझे बहुतेक पेशंट कुत्री आणि मांजरं. सशांचं प्रमाण अलीकडे वाढलंय. ससा भुंकत नाही, त्याला फिरायला न्यावं लागत नाही, म्हणून फ्लॅटमधले लोक ससा आणतात. काही महिन्यांनी त्याची नखं वाढतात, आणि तेव्हा कळतं की या प्राण्याला उचललेलं अजिबात चालत नाही.

या सशाचं नाव गुंडू. तपकिरी, गोल, एक कान पडलेला. तो मूळचा सबनिसांच्या शेजाऱ्यांचा. ते परदेशी गेले आणि जाताना गुंडूला निर्मलाकाकूंकडे ठेवून गेले. काकूंचे यजमान सरकारी कारखान्यात इंजिनियर होते, त्यामुळे लग्नानंतर त्या बंगळुरूला आल्या आणि इथल्याच झाल्या. यजमान गेल्यावर बनशंकरीच्या घरात त्या आणि मुलगा दोघंच. अभिजित व्हाइटफील्डला नोकरीला. सकाळी कॅबने जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. दिवसभर घरात काकू आणि गुंडू.

झालं होतं ते असं. गुंडूची नखं फारच वाढली होती. मायलेकांनी मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला. त्यात ससा टॉवेलमध्ये पोळीच्या रोलसारखा गुंडाळला होता आणि शांत पडून नखं कापून घेत होता. यांनीही गुंडाळला. गुंडूने मागच्या पायांनी जोर लावून टॉवेल उधळला आणि काकूंच्या हातावरून उडी मारली. नखं खोलवर ओढली गेली.

दुसऱ्या कोणाला हे झालं असतं तर घरी मलम लावून भागलं असतं. पण काकूंच्या हृदयाची एक झडप बदललेली आहे. त्यांना रोज रक्त पातळ ठेवण्याची गोळी घ्यावी लागते. अशा माणसाचं रक्त लवकर थांबत नाही. अभिजितला त्यांना हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की पुन्हा असं ओरखडणं परवडणार नाही.

"मला दोन गोष्टी हव्यात, डॉक्टर," अभिजित म्हणाला. "भूल देऊन आज याची सगळी नखं कापा. आणि याला नेणारं कोणीतरी शोधून द्या."

काकू कपाटाकडे बघत होत्या.

मी त्याला भुलीचं सांगितलं. सशाला भूल देता येते, पण ती जपून द्यावी लागते. नखं पाच-सहा आठवड्यांनी पुन्हा वाढतात. दर वेळी भूल देणं मला योग्य वाटत नाही. शिवाय त्या घडीला गुंडू इतका घाबरलेला होता की नाकपुड्या नुसत्या थरथरत होत्या. घाबरलेला ससा खाणं सोडतो. सशाचं पोट सतत चालू असावं लागतं. खाणं थांबलं की आतडी मंदावतात, आणि ते नखांपेक्षा फार मोठं दुखणं आहे.

उचलण्याचंही सांगितलं. सशाला जमिनीवरून उचलतं कोण? घार, नाहीतर कुत्रं. पाय सुटले की त्याच्या लेखी आपण पकडले गेलो. मग तो सगळा जोर मागच्या पायांत आणतो. त्या पायांत ताकद भरपूर आणि पाठीचा कणा मात्र नाजूक. हवेत नीट आधार नसताना जोरात लाथ मारली तर ससा स्वतःचाच कणा मोडून घेऊ शकतो. त्या दिवशी काकूंच्या हातावर निभावलं. गुंडूचा कणाही जाऊ शकला असता.

"मग आज काय करणार?"

"आज काहीच नाही."

त्याचा चेहरा उतरला. हाफ डे टाकून, व्हाइटफील्डहून सगळं ट्रॅफिक तुडवत तो आला होता, आणि मी एक नखसुद्धा कापायला तयार नव्हते. त्याच्या जागी मीही वैतागले असते.

निदान ससा बाहेर तरी यायला हवा होता. मी अभिजितला टॉवेल ठेवून द्यायला सांगितलं. काकूंनी पायाशी कोथिंबिरीच्या दोन काड्या टाकल्या आणि हळूच हाक मारली, "बा मरी, बा." शेजारी कानडी होते, त्यामुळे गुंडूशी बोलायची भाषा कानडी: ये पिल्ला, ये. जरा वेळाने एक कान दिसला, मग नाक. गुंडू सरळ काकूंच्या पायाशी आला आणि चपलेवर पुढचे पंजे ठेवून काडी कुरतडायला लागला.

अभिजितने काकूंची खुर्ची झटकन मागे ओढली.

मी त्यांना म्हटलं, मी रविवारी घरी येते. मग ठरवू.

बनशंकरीचं त्यांचं घर लख्ख. जमिनीला काळा ग्रॅनाइट, आरशासारखा. नखं का वाढली ते दारातच कळलं. माती उकरणाऱ्या सशाची नखं आपोआप झिजतात, ग्रॅनाइटवर काय झिजणार? उलट पाय घसरत असल्यामुळे गुंडू सारखा अंग आवळून चालत होता. मी विचारलं, घरात खरखरीत काही आहे का. अभिजितने कधीच न वापरलेली योगा मॅट आणली. ती पसरली तसा गुंडू तिच्यावर जाऊन ऐसपैस बसला.

मग मी अभिजितला सगळं दाखवलं. नखाच्या आत एक रक्तवाहिनी असते, तिला आम्ही क्विक म्हणतो. नख पांढरं असेल तर मोबाइलच्या टॉर्चसमोर ती गुलाबी रेघ दिसते. त्या रेघेच्या बरंच अलीकडे, टोकाकडे कापायचं. काळ्या नखात रेघ दिसत नाही, तिथे फक्त टोक उडवायचं. चुकून रक्त आलंच तर कॉर्नफ्लॉवर दाबून धरायचं, थांबतं. आणि मुख्य म्हणजे उचलायचं नाही. ससा मॅटवर, चारही पाय जमिनीला, तोंडासमोर बशीत कुस्करलेलं केळं, तेही चमचाभरच. तो चाटत असताना आधी नुसता खांद्याला हात लावायचा. ते चालायला लागलं की पंज्याला. मग कटरचा नुसता आवाज ऐकवायचा. हे सगळं अंगवळणी पडलं की एक नख. त्याने पाय ओढला की त्या दिवसाचं काम संपलं.

"एका वेळी एक नख?" अभिजितने विचारलं.

"सुरुवातीला हो."

"आणि हे रोज कोण करणार? आईने याला हात लावायचा नाही. तुम्ही रोज येणार नाही."

त्याचं उत्तर त्यालाही माहीत होतं.

तो मला स्कूटरपर्यंत सोडायला खाली आला. हेल्मेट घालत होते तेव्हा तो एकदम बोलायला लागला. तुम्हाला वाटत असेल मी सशावर राग काढतोय, म्हणाला. त्या दिवशी त्याने आईच्या हातावर एक टॉवेल दाबला होता. तो भिजला म्हणून दुसरा घेतला. ऑटोत बसल्यावर दुसराही भिजला.

"थांबतच नव्हतं, डॉक्टर. मी दाबून बसलो होतो आणि ते थांबतच नव्हतं."

मी त्याला एवढंच म्हटलं, की आईच्या डॉक्टरांना नीट विचार. ससा नको म्हणतात की ओरखडे नकोत. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तो "बघतो" म्हणाला. त्या "बघतो" वरून मला काही अंदाज आला नाही.

पुढे काही आठवडे त्यांच्याकडून काही कळलं नाही. मग एका दुपारी काकूंचा फोन आला. आवाज हळू होता, खरं म्हणजे घरात दुसरं कोणीच नसणार.

"डॉक्टरबाई, गुंडूसाठी जागा बघा. अभीला सांगू नका, मी सांगेन नंतर."

मी कारण विचारलं. त्या म्हणाल्या, अभी गुंडूला हॉलमध्ये येऊ देत नाही. मागच्या युटिलिटीत, धुण्याच्या जागेत ठेवतो, जाळीचं दार लावून. येता-जाता माझा हात बघतो. ऑफिसातून फोन करतो तेही हाताचंच विचारतो.

"मला गुंडू हवाय. पण मुलगा असा धास्तावलेला नको. स्वल्प लौकर बघा, नाहीतर माझाच विचार बदलेल."

फोन ठेवून मी व्हाइटफील्डच्या एका जोडप्याला फोन लावला. नागपूरहून आलेले, दोघंही आयटीत. त्यांच्या घरी एक ससा होताच, आणि त्याला सोबत हवी म्हणून ते माझ्या मागे लागले होते. त्यांनी आनंदाने हो म्हटलं. मी रविवारी गुंडूला घेऊन येते असं ठरलं.

रविवारी दार अभिजितने उघडलं. काकूंनी त्याला अजून काही सांगितलेलं नव्हतं. माझ्या हातात प्राणी न्यायची रिकामी कॅरियर. त्याने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हे कशासाठी?"

"मी बोलावलंय त्यांना," काकू मागून म्हणाल्या. "गुंडूला नेणार आहेत. चांगलं घर आहे. तू तेच म्हणत होतास ना."

तो आत जाऊन बशीत केळं कुस्करून घेऊन आला आणि आम्हाला म्हणाला, जरा मागे या. आम्ही युटिलिटीच्या जाळीबाहेर उभ्या राहिलो. वॉशिंग मशीनशेजारी योगा मॅट अंथरलेली होती. अभिजित आत जाऊन तिच्यावर चक्क पालथा झोपला. गुंडू उड्या मारत आला, त्याच्या कोपराला हनुवटी घासली आणि बशीत तोंड घातलं. अभिजितने दोन बोटांनी त्याचा पुढचा पंजा जरासा वाकडा केला. उचलला नाही. कटर वाजला. गुंडू चाटतच होता. दुसरं नख. तिसऱ्याला त्याने पाय ओढला, तसा अभिजितने कटर बाजूला ठेवला.

"आज एवढंच," तो म्हणाला.

काकू जाळीला धरून उभ्या होत्या. "हे कधीपासून चाललंय?"

"तू पूजेला बसतेस तेव्हा. कॅब यायच्या आधी."

"मला वाटलं तू त्याला कोंडून ठेवलंयस."

"कोंडूनच ठेवलंय, आई. नखं मोठी असताना तुझ्याजवळ कसा सोडू?"

मी जाळी उघडून आत गेले आणि पंजे तपासले. पुढच्या दोन्ही पायांची नखं व्यवस्थित होती, टोकं थोडी ओबडधोबड. एक नख जरा जास्तच आखूड दिसलं. मी अभिजितकडे बघितलं. म्हणाला, हो, ते चुकलं होतं. काळं नख होतं, रक्त आलं. कॉर्नफ्लॉवर लावून दाबून बसलो.

"मग?"

"थांबलं," तो म्हणाला. आणि गुंडूच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

काकू स्वयंपाकघरात गेल्या. कॉफी येईपर्यंत बराच वेळ लागला, आणि आल्या तेव्हा डोळे पुसलेले होते.

अभिजितने आईच्या डॉक्टरांनाही विचारलं होतं. ते म्हणाले होते की नखं आखूड ठेवा, ससा मांडीवर घेऊ नका, हात उघडे ठेवू नका. काकू आता बायका उन्हात स्कूटरवर घालतात तसले लांब हातमोजे घालून गुंडूला कोथिंबीर देतात. मॅट हॉलमध्ये आली आहे. मागच्या पायांना मात्र गुंडू अजून अभिजितला हात लावू देत नाही. ती नखं कापायला मीच जाते. कधी दोन होतात, कधी एकही होत नाही, आणि कॉफी पिऊन परत येते.

रिकामी कॅरियर घेऊन मी त्या रविवारी व्हाइटफील्डला फोन केला. ते दोघं हिरमुसले. पुढे त्यांना दुसरा ससा मिळाला.

दवाखान्यात कोणी प्राणी द्यायचा म्हणून आलं, की मी त्याचं वय, खाणं, दात, नखं सगळं विचारते. आता शेवटी एक जादा प्रश्न विचारते, हे तुम्ही घरातल्या माणसांशी बोललात का? बहुतेक जण नकारार्थी मान हलवतात. मग मी त्यांना आधी बोलून या म्हणते आणि पुढच्या आठवड्याची अपॉइंटमेंट देते.