भरलेली घागर

नांदेडहून फोन आला तेव्हा मी नळाखाली घागर लावून बसले होते. लातूरला नळ आला की बाकीची कामं थांबतात. "तुमच्या नंदाताई गेल्या, झोपेतच," त्यांच्या घरमालकीणबाई सांगत होत्या. घागर भरून वाहू लागली आणि मी ती वाहू दिली... एवढं पाणी मी आजवर कधी वाया घालवलं नव्हतं.

महानंदा माझी नणंद. मी त्यांना वन्स म्हणायची. आधी त्या आमच्याकडेच राहायच्या; इथल्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर दिवसभर बसायच्या आणि जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून फोनवर ॲनिमेशनचे धडे पाहायच्या. चित्रातल्या माणसाला चालवायचं, बसवायचं, रडवायचं, असा तो ऑनलाइन कोर्स. उरलेला अभ्यास पहाटे कॉम्प्युटरवर. माझ्या मालकांना ते पटत नसे. "चांगली नोकरी हाय, अन् ही बाहुल्या नाचवायलीय," ते म्हणायचे. वन्स भाकरी मोडत म्हणायच्या, "दादा, नाचवणं सोपं हाय. तिला पाणी भरायला लावणं अवघड."

आणि नेमकं तिथंच अडलं. शेवटच्या परीक्षेला त्यांनी घागर उचलणारी बाई घेतली होती. ती पास झाली तर नांदेडच्या एका स्टुडिओत काम मिळणार होतं, नाहीतर खिडकी होतीच. बघून काढायला त्यांनी मलाच घागर उचलायला लावली. मी फोटोलासुद्धा उभी राहत नाही. घरात कुणी नसताना, पदर नाकापर्यंत ओढून उचलली. तीही रिकामी. आमच्याकडे नळ आठवड्यानं येतो, पाणी सांडलं तर... हे आम्हा दोघींना एकमेकींना सांगावंही लागलं नाही.

कोर्सच्या सरांनी चित्र परत पाठवलं. बाई छान आहे, पण घागरीला वजन नाही. वन्सनी बाईला वाकवलं, दमवलं, घाम फोडला. पुन्हा परत आलं. "सोडून द्यावं म्हणते, वहिनी," असं म्हणून त्यांनी फोन पालथा ठेवला. मी उठले. पिण्याचं राखून ठेवलेलं पाणी घागरीत ओतलं, काठोकाठ.

"वहिनी, प्यायचं हाय ते."

"व्हिडिओला फोन लावा तुम्ही."

त्यांनी तो पिठाच्या डब्याला टेकवला. मी कमरेवर हात ठेवला, श्वास घेतला आणि उचलली. अंगावर पाणी सांडलं, पदर घसरला, हात दोन्ही गुंतलेले. तोंड उघडंच राहिलं, झाकणार कशानं? वन्स हळूच म्हणाल्या, "उचलायच्या आधीच अंगाला वजन कळतंय बगा... तेच माझ्याकडून सुटलं होतं."

ती बाई पास झाली. सरांनी ती सगळ्या वर्गाला दाखवली. वन्सनी खिडकी सोडली, नांदेडला खोली घेतली आणि पोरांच्या गोष्टींत हत्ती, कोल्हे, म्हाताऱ्या चालवल्या. मालक पेढा खात म्हणाले, "बाहुलीनं पाणी भरलं म्हणायचं."

तेराव्याला स्टुडिओतली एक बाई लॅपटॉप घेऊन आली. पाहुण्यांनी भरलेल्या खोलीत ती चित्रातली बाई वाकली, तिनं कमरेवर हात ठेवला...

"कोण गं ही?" चुलत सासूबाईंनी विचारलं.

पाहुण्यांत मी कधी तोंड उघडत नाही. पण म्हणाले, "मी हाय ती. वन्सनी काढलेली."

परवा नळ आला. घागर काठोकाठ भरली. उचलायच्या आधी कमरेवर हात गेला आणि नजर पिठाच्या डब्याकडे गेली. पदर घसरला होता. मी तो तसाच राहू दिला आणि घागर उचलली.