राजदूतचा स्लो जेट: रसायनी, कर्जत, कळंब, कुंभिवली

शनिवार, १८ जानेवारी २०२५. सकाळी पावणेसातला रसायनीहून स्कूटरवर निघालो. चौक, कर्जत, कळंब, परत कर्जत, पळसदरीवरून खोपोली, कुंभिवली. संध्याकाळी सहाला घरी. अंतर एकशे वीस किलोमीटरच्या आसपास. सोबत स्टीलच्या डब्यात जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेला राजदूत मोटरसायकलचा कार्ब्युरेटर. जो पार्ट आणायला गेलो होतो तो मिळाला नाही.

या ब्लॉगवर आतापर्यंत निखिल लिहायचा. मी त्याचा वडील. ऑगस्टमध्ये त्याला ताप आला आणि सहाव्या दिवशी तो गेला. गाडीचा त्यात काही संबंध नव्हता. बरेच जण विचारतात म्हणून लिहितो. त्याच्या कॉम्प्युटरवर हे पान उघडंच राहिलं होतं. जुन्या गाड्यांचे पार्ट कुठे मिळतात हे शोधत बरेच लोक इथे येतात असं दिसलं, म्हणून या फेरीचा तपशील देतो. मला लिहायची सवय नाही. एकतीस वर्षं कारखान्याच्या प्रयोगशाळेत रीडिंगं लिहिली, तेवढंच.

राजदूत त्याने भंगारातून आणून उभी केली हे तुम्ही वाचलं असेल. दर रविवारी सकाळी तो ती सुरू करायचा, अंगणात तशीच चालू सोडायचा आणि आत येऊन माझ्यासमोर बसून चहा प्यायचा. मी म्हणायचो, "अरे, पेट्रोल जळतंय." तो म्हणायचा, "बाबा, ऐका तरी. स्लो किती मस्त धरलाय." मूठ न पिळता गाडी उभ्या उभ्या, सावकाश, आपली आपण चालू राहते, त्याला हे लोक स्लो धरणं म्हणतात. मी कधी लक्ष देऊन ऐकलं नाही. निखिलची आई आधीच गेलेली, घरात आता मी एकटा. मला गाडी चालवायची नाही आणि विकायचीही नाही. ती बाहेर चालू असावी आणि मी आत बसलेलं असावं, एवढंच हवं होतं.

ऑगस्टपासून गाडी बंद होती. कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सुकून त्याचा डिंक झाला होता. डिसेंबरमध्ये मी तो खोलला. स्लो जेट म्हणजे नखाएवढा पितळी स्क्रू, त्याच्या मधोमध केसाएवढं भोक; मूठ सोडलेली असताना गाडीला पेट्रोल यातूनच मिळतं. ते बुजलं होतं. मी क्लचच्या केबलमधली एक तार काढून ते साफ केलं. गाडी सुरू झाली, पण धूर ओकायला लागली, आणि मूठ सोडली की बंद. जेट झिजला असेल, नवा टाकू, असं मी ठरवलं.

चौक गावापासून कर्जतपर्यंतचा रस्ता सध्या चांगला आहे. शनिवारी जाणार असाल तर आठच्या आत कर्जत गाठा, नंतर रिसॉर्टला जाणाऱ्या मोटारींची रांग लागते. शेतांवर धुकं होतं. वालाच्या शेंगा विकायला बायका रस्त्याकडेला बसायला लागल्या होत्या. स्टेशनबाहेर वडापाव घेतला. अर्धाच गेला.

स्पेअर पार्टची दुकानं साडेनऊला उघडतात. पहिल्या दोन दुकानांत डबा उघडायचीही वेळ आली नाही. तिसऱ्या दुकानदाराने, तिशीतला असेल, जेट हातात घेऊन बघितला.

"काका, आता नव्या गाड्यांना कार्ब्युरेटरच नसतो. सगळं सेन्सरवर. हे तुम्ही म्युझियममध्ये विचारा."

शेजारी चेन बदलून घेणारा एक जण म्हणाला, "म्युझियमवाले ह्यांनाच ठेवून घेतील."

मी हसलो असेन. दुकानदार ओशाळला. "मस्करी केली हो. पूर्ण चायना कार्ब्युरेटर ऑनलाइन मिळतो, बाराशेपर्यंत. तोच बसवा ना."

"हाच हवा आहे."

"आवाजाला जरा वेगळी लागेल, पण चालेल."

"तेच नको आहे," म्हणालो. मग त्याने सांगितलं की कळंबला एका रिसॉर्टच्या दारात राजदूत उभी आहे, शोभेची. मालकाला विचारून बघा.

कर्जत ते कळंब पाऊण तास लागला. कशेळ्याच्या पुढे पोपटीच्या पाट्या दिसायला लागतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून शेंगा आणि कोंबडी भाजतात ती पोपटी, या दिवसांत सगळे रिसॉर्टवाले करतात. ती राजदूत फाटकातच होती. लाल रंग मारलेला, सीटवर शेवंतीच्या कुंड्या. पुण्याकडचं एक जोडपं फोटो काढत होतं. तो मूठ पिळून तोंडाने आवाज काढत होता आणि ती म्हणत होती, "अरे, नीट बस ना, पोट दिसतंय."

मालक नव्हते. बागेचं बघणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी फोनवर मालकांना विचारलं आणि मला म्हणाल्या, "खोला बिनधास्त. पन किक मारू नका. मागच्या शनवारी एकाच्या नडगीवर उलटी बसली, तो जेवला पन नाय."

मी घरून आणलेल्या पान्याने कार्ब्युरेटर खोलला. आत पेट्रोलची पातळी राखणारा फ्लोट नव्हता, जेट नव्हता. जेटच्या जागी कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं.

बाई वाकून बघत होत्या. "बगा, रिकामं दिसलं की कोनतरी येऊन रातंच."

मी होतं तसं परत बसवलं. त्यांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं, शंभर रुपये. अशा ठिकाणी हे फार स्वस्त आहे, बहुतेक कामगारांच्या जेवणातलं दिलं असावं. जाताना म्हणाल्या, "पोरासाठी शोधताव काय?" मी हो म्हणालो.

परत कर्जतला आलो तेव्हा दीड वाजला होता. तिथूनच घरी जायचा विचार होता. पण चहाच्या टपरीवर एका रिक्षावाल्याने डबा बघून विचारलं आणि कुंभिवलीच्या मेस्त्रींचं नाव सांगितलं. खोपोलीकडून खालापूरला येताना हायवेला लागून ट्रकच्या टायरवाल्यांची रांग आहे, तिच्या मागे पत्र्याची शेड. पाटी नाही. जाणार असाल तर स्कूटर आत घ्या, बाहेर ट्रक उलटे फिरतात.

मेस्त्री सत्तरीचे असतील. जमिनीवर बसून ते टँकचं झाकण घासत होते. मी डबा पुढे केला. त्यांनी कार्ब्युरेटर हातात घेतला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "ही निखिलची गाडी."

त्यांनी त्याची खालची वाटी खोलून आत बघितलं.

"हा जेट माझाच. डोक्यावर हा आडवा ओरखडा हाय ना, तो माझ्या पान्याचा. तुमी कोन त्याचे?"

"वडील."

"मग तो का नाय आला?"

"कामात आहे," मी म्हणालो. असं का म्हणालो ते मला सांगता येत नाही.

त्यांनी जेट काढला, दाराशी गेले आणि एक डोळा मिटून उजेडाकडे धरला. बराच वेळ धरला. मग विचारलं, "तार कोनी घातली?"

"मी."

"लोखंडाची?"

"क्लचच्या केबलमधली."

"पितळ मऊ असतं, साहेब. भोक गोल नाय रायलं, वर मोठं झालंय. आन तुमच्या पोरानं घालू दिली तुमाला? मला तर तो इथं बसून शिकवायचा." ते हसले, पण जेट खाली ठेवला नाही. "हा शेवटचा होता. त्याला बोललो होतो, हा जपून वापर रं, ह्याच्यानंतर माझ्याकडं नाय आन माझ्या ओळखीत पन कोनाकडं नाय."

म्हणजे जेट झिजला नव्हता. डिंक काढायला हवा होता, तेवढंच. चांगला जेट डब्यात घेऊन मी दिवसभर फिरलो असं म्हणायचीही सोय नव्हती, कारण तो मी डिसेंबरमध्येच बाद केला होता.

मेस्त्रींनी शिसं भरून भोक बुजवलं आणि चहाच्या पत्तीच्या डबीतून एक बारीक ड्रिल काढून, ते बोटांत धरून हाताने फिरवत परत पाडलं. अर्धा तास लागला. मध्ये एकदा कोणी हवा मारायला आलं त्याला म्हणाले, "जा रं, श्वास पन घेऊ नको हितं."

"चालेल का?" मी विचारलं.

"चालेल. पळंल पन. स्लो धरंल का, ते आता त्याच्या हातात. हवेचा स्क्रू दीड फेरा उघडायला सांगा, मग कान लावून थोडं थोडं. तुमाला नाय जमायचं. त्याला कान हाय."

मी सवयीप्रमाणे कागदावर लिहून घेतलं: दीड फेरा, कान लावून. पैसे विचारले तर म्हणाले, त्याच्याकडून घेईन. स्कूटर वळवली तेव्हा मागून ओरडले, "त्याला सांगा, शेंगा भरल्यात. पोपटीला येतो बोलला होता. संक्रांत पन गेली."

"सांगतो," म्हणालो.

घरी आल्यावर या ब्लॉगवर "जेट" असा शब्द टाकून शोधलं. त्याचं लिहिलेलं मी तोपर्यंत काहीच वाचलेलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वीचं एक पान निघालं. त्यात लिहिलं आहे: जेटमध्ये कधीही तार घालू नका. थिनरमध्ये भिजत ठेवा आणि थांबा. हे मला माझ्या बाबांनी शिकवलं. लहानपणी ते मला प्रयोगशाळेत घेऊन गेले होते तेव्हा ब्युरेटचं टोक असंच साफ करून दाखवलं होतं, आत काही खुपसायचं नाही, वाट बघायची.

मी त्याला प्रयोगशाळेत नेलं होतं हे आठवतं. ब्युरेट दाखवल्याचं आठवत नाही.

ज्यांना हा जेट हवा आहे त्यांनी कर्जत-खालापूर भागात शोधू नये. तुमच्याकडे असेल तो सांभाळा. या फेरीतून माझ्याजवळ उरलं ते एवढंच, आणि मेस्त्रींना खरं सांगायला परत जायचं आहे ते. अजून गेलेलो नाही.

रविवारी सकाळी कार्ब्युरेटर बसवला. हवेचा स्क्रू दीड फेरा. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. धूर नव्हता, आवाज स्वच्छ होता. मूठ सोडली, बंद. पावणेदोन फेरे, बंद. सव्वा, बंद. कान लावून बघितलं. मला त्यात नुसता आवाज ऐकू येतो. मूठ धरून ठेवली की छान चालते. पण मग घरात जाता येत नाही.

त्याच पानावर त्याने लिहिलं आहे की गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत चालू ठेवावी, म्हणजे आत डिंक धरत नाही. ऑगस्टमध्ये ते कोणी केलं नव्हतं. मी कॉक बंद केला आणि मूठ धरून उभा राहिलो. दोन-अडीच मिनिटं लागली. आवाज एकदा चढला आणि थांबला. मग हात धुतले, गाडीवर कव्हर घातलं आणि चहाला आधण ठेवलं.