मावसाजींचा विरोधक

स्वतःच्या विरुद्ध उभा राहणारा उमेदवार मिळावा म्हणून चपला झिजवणारा माणूस साऱ्या हिंदुस्थानात एकच होऊन गेला असेल, आणि ते माझ्या मावशीचे यजमान होते. आम्ही त्यांना मावसाजी म्हणत असू आणि आमचं ऐकून अर्धं जबलपूर त्यांना मौसाजी म्हणे. त्यात शाळेचा चौकीदार होता, दूधवाला होता आणि मावसाजींहून वयानं मोठे असलेले एक हेडमास्तरही होते. शाळा म्हणजे आमच्या मराठी मंडळींची शाळा. राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही इकडे मध्य प्रदेशात राहिलो, तेव्हा साहेबलोक आणि वकीलमंडळी बिऱ्हाडं आवरून नागपूरच्या गाडीत बसली. मागे उरले ते संरक्षण खात्याच्या कारखान्यांतले, रेल्वेतले आणि तारखात्यातले लोक, आणि ही शाळा. शाळेच्या कमिटीवर दर तीन वर्षांनी संस्थेचे सभासद आपला एक मेंबर निवडून देत. पुनर्रचनेनंतरच्या पहिल्याच निवडणुकीत मावसाजी मेंबर झाले आणि मग इतकी वर्षं मेंबर राहिले, की मावशीच्या पत्रांवर लोक पत्ता म्हणून 'मेंबरसाहेबांचे घर' एवढंच लिहीत आणि पत्रं पोचत.

असा माणूस बिनविरोध निवडून यायला काहीच हरकत नव्हती. सभासदांचीही तीच इच्छा असे, कारण बिनविरोध झालं की रविवार वाया जात नाही. पण मावसाजींना तो शब्द सहन होत नसे. "बिनविरोध म्हणजे तेरवीचं जेवण," ते म्हणत. "नाही म्हणता येत नाही, अन् चांगलं झालं असंही म्हणता येत नाही." त्यामुळे निवडणूक जवळ आली, की ते सायकल काढून विरोधकाच्या शोधात निघत. कोणी तब्येतीचं कारण सांगे, कोणी मुलीच्या लग्नाचं. एकदा त्यांनी रेल्वेतल्या एका गार्डला गाठलं. त्याला जबलपूरजवळच्या पाटनकडे जमीन घ्यायची होती आणि त्याशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. मावसाजी त्याच्याबरोबर सगळी जमीन पायी फिरून आले, विहीर बघितली, माती हातात घेऊन हुंगली आणि परतीच्या बसमध्ये त्याच्याकडून उमेदवारीचा होकार घेतला. गार्डसाहेबांना शाळेत किती वर्ग आहेत हेही ठाऊक नव्हतं. ते मावसाजींनी त्यांना शिकवलं, शिवाय मावसाजींच्या कारभारात कोणकोणते दोष काढता येतील, तेही समजावून दिलं.

प्रचार तर जोडीनंच चाले. विरोधकाला सभासदांची घरं माहीत नसत, म्हणून मावसाजीच त्याला घेऊन जात. घरात शिरलं की चहा येईपर्यंत विरोधकाचे गुण सांगत: माणूस सरळ आहे, बिडीकाडी नाही, आईला सांभाळतो. स्वतःबद्दल सांगायची वेळ येई तोवर कप रिकामे होऊन यजमान जांभया देऊ लागलेले असत. मावशी एकदा वैतागून म्हणाली, "तुम्ही निवडणूक लढून राहिले का कोणाचं स्थळ सांगून राहिले?" मतदानाच्या दिवशी मावसाजी आपलं मत ठरल्याप्रमाणे विरोधकाला देत आणि ते लपवत नसत. ज्याला आपण उभं केलं त्याची पाटी कोरी राहू नये, एवढाच त्यांचा हिशेब होता. एका निवडणुकीत विरोधकाच्या बायकोनं मावसाजींना मत दिलं आणि तसं सगळ्यांना सांगितलं. मावसाजींना त्याचं इतकं वाईट वाटलं, की दुसऱ्या दिवशी ते त्या घरी जाऊन नवराबायकोची समजूत घालून आले.

कारखान्यात ते तयार माल तपासायच्या खात्यात होते आणि ती नजर त्यांनी शाळेतही आणली. बाकाचा पाय हलला की बाक रिजेक्ट. खडू मोडून बघत आणि भुगा फार पडला तर अख्खी पेटी दुकानदाराला परत. पण त्यांचा खरा जीव अडकला होता मराठीच्या वर्गात. बाकीची शाळा हळूहळू हिंदी झाली होती, त्याला इलाजही नव्हता. एक वर्ग मात्र मराठी घरच्या मुलांना रोज मराठी शिकवणारा असा होता आणि तो भरलेला ठेवणं हे मावसाजींनी आपल्या आयुष्याचं काम मानलं होतं. बारशाला गेले की पाळण्यात वाकून बघत आणि बाळाच्या आईला विचारत, "मग, शाळेत दाखला कधी घ्यायचा?" गोहलपुरापासून रेल्वेच्या क्वार्टरांपर्यंत कोणाच्या घरचं पोर कधी पाच वर्षांचं होणार, हे त्यांना पोस्टमनपेक्षा चांगलं माहीत असे. कोणी रिटायर होऊन नागपूरला निघालं, की स्टेशनवर पोचवायला जात, टोपलीभर संत्री देत आणि गाडी हलता हलता नातवंडांकडे बघून म्हणत, "एवढ्यांना राहू दिलं असतं तरी चाललं असतं."

भोपाळहून एकदा इन्स्पेक्टर आले होते. त्यांनी मराठीच्या वर्गापुढे उभं राहून विचारलं, "ये मराठी पढ़कर बच्चे करेंगे क्या?" हेडमास्तरांना घाम फुटला. मावसाजी शांतपणे म्हणाले, "साहब, घर जाकर दादी से झगड़ा करेंगे. हिंदी में झगड़ेंगे तो वो जीत जाएगी, उसे समझेगा ही नहीं." इन्स्पेक्टर हसले आणि वर्ग वाचला. ही गोष्ट मावसाजी प्रत्येक निवडणुकीत सांगत आणि दर वेळी इन्स्पेक्टरचा हुद्दा थोडा वाढवत. मी शेवटची ऐकली तेव्हा तो शिक्षणमंत्री झाला होता.

पण आज्याच कमी होत चालल्या त्याला ते तरी काय करणार. मावसाजींना सेवानिवृत्त होऊन काही वर्षं झाली तोवर वर्गातले मागचे बाक रिकामे पडले आणि कमिटीनं ठराव केला, की पुढच्या सत्रात वर्ग भरला नाही तर बंद करायचा. त्याच साली निवडणूक आली. मावसाजींना काही करून मेंबर राहायचं होतं आणि वर्ग वाचवायचा होता. अशा वेळी दुसरा कोणी असता तर गुपचूप बिनविरोध निवडून आला असता. हे मात्र विरोधक शोधायला निघाले. या खेपेला कोणी सापडेना. जुने लोक गेलेले, त्यांची मुलं हात जोडून म्हणत, "मौसाजी, आप ही रहिए न." त्या वेळी मी त्यांना प्रथमच घाबरलेलं बघितलं. "उभं राहायलाही कोणी नाही," ते मला म्हणाले, "तर मग आपण वाचवून काय राहिलो रे?"

शेवटी गोहलपुरातली एक मुलगी तयार झाली. मुलगी म्हणजे बँकेत ऑफिसर होती, पण मावसाजींच्या लेखी ती पहिल्या बाकावरचीच. वडील भंडाऱ्याकडचे, रेल्वेत फिटर. बौद्ध वस्तीतल्या घराघरांतून मावसाजींनी जी मुलं गोळा करून आणली होती, त्यातली ती एक. मावसाजी प्रथेप्रमाणे तिला तिचे मुद्दे समजावून द्यायला गेले, तर ती म्हणाली, "मौसाजी, मेरे पास हैं." मावसाजी घरी येऊन मावशीला सांगत होते, की पोरगी हुशार आहे, पण मराठीत चार वाक्यं धड बोलत नाही, तिला कोण मत देणार.

मतदानाआधी दोन्ही उमेदवारांनी शाळेच्या हॉलमध्ये बोलायचं असे. आधी मावसाजी उठले. मी त्यांची पुष्कळ भाषणं ऐकली होती, पण इतकं चांगलं एकही नव्हतं. मराठी आमची आई आहे, आई म्हातारी झाली म्हणून तिची खोली भाड्यानं देत नाहीत, हा वर्ग मराठी घरच्या मुलांचा आहे आणि त्यांचाच राहिला पाहिजे, बाहेरची मुलं घेतली तर उद्या तिथं मराठी ऐकूसुद्धा येणार नाही, असं सगळं ते ओघात बोलले. बायकांनी डोळे पुसले, तरुणांनी टाळ्या वाजवल्या. भाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत हिंदीत होतं. ते कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण आम्हां सगळ्यांनाच त्याची सवय होती.

मग ती उठली. टेबलाची कड धरून, अडखळत, पण मराठीत बोलू लागली. "मी या शाळेत शिकली. मला मराठी समजते, बोलता बरोबर येत नाही. इथं आम्हाला पुस्तक शिकवलं, बोलत कोणी नव्हतं. माझ्या घराशेजारी एक हिंदीवाली मुलगी आहे, ती माझ्या आईसोबत मराठी बोलून राहते, माझ्याहून चांगली. तिला वर्गात काहून नाही घ्यायचं? ज्याला शिकायचं त्याला बसू द्या. मग वर्ग बंद नाही होणार." मध्ये एक शब्द तिला आठवेना, ती थांबली, आणि हॉलमधल्या तीनचार बायकांनी एकदमच तो शब्द तिला सांगितला. ती हसली, पुढे बोलली. पाच मिनिटांत संपलं.

मावसाजी हरले, आणि चांगलेच हरले. मी कोणाला मत दिलं ते त्यांनी कधी विचारलं नाही आणि मीही सांगणार नाही. ती त्यांच्या पाया पडायला वाकली तर ते मागे सरले. "मेंबरनं पाया पडू नये," म्हणाले, "लोक कामं सांगतात." मग हळूच विचारलं, "भाषण कोणी लिहून दिलं?" ती म्हणाली, "कोणी नाही. आईला विचारत गेली अन् पाठ करत गेली."

संध्याकाळी आम्ही दोघं पायीच निघालो. सराफ्याच्या गल्लीत ते जिलबीच्या दुकानापुढे थांबले; हरल्यावर तोंड गोड करतात का, असं मी गमतीनं विचारणार होतो, पण त्यांचा चेहरा दिसला. द्रोण हातात तसाच धरून ते म्हणाले, "मी काहून हिंदीत बोललो रे?"

"लोकांना समजावं म्हणून, मावसाजी."

"तिचं नाही समजलं का लोकांना?"

मला त्यांची फार कीव आली, आणि कीव येण्यासारखा तो माणूस नव्हता, म्हणून जास्तच वाईट वाटलं. त्यांनी जिलबी न खाता द्रोण माझ्या हातात दिला आणि पुढे चालू लागले.

पुढे मुलानं नागपुरात घर बांधलं आणि मावसाजी-मावशी तिकडे राहायला गेली. मधूनमधून मी जात असे. जन्मभर जबलपुरात मराठी राखलेल्या या माणसाला नागपूरच्या त्या कॉलनीत सगळे 'हिंदीवाले काका' म्हणत. बोलण्यात अच्छा आणि चलो इतके येत, की भाजीवाली त्यांच्याशी हिंदीतच भाव करी, आणि शेजारणीनं तर मावशीला विचारलं होतं, "तुमचं लव्ह मॅरेज काय हो?" मावसाजी हे स्वतःच सांगत आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत. शाळेचा विषय मात्र ते काढत नसत आणि मीही काढत नसे.

एकदा मी निघायच्या बेतात होतो, तेव्हा त्यांनी चहाचा कप बघत विचारलं, "निवडणूक आली असेल न तिकडं? ती बिनविरोध येते काय?"

मी सांगितलं, की वर्गात मागचे बाकसुद्धा भरलेत, अर्धी मुलं हिंदी घरांतली आहेत. आणि निवडणुकीत तिच्याविरुद्ध दोघं उभे आहेत.

"दोघं? कोणी उभं केलं त्यांना?"

"कोणी नाही. आपले आपण उभे राहिले."

मावसाजी स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "ऐकलं काय हो? दोघं उभे आहेत म्हणते हा." आतून मावशी काही बोलली, ते त्यांना ऐकू आलं नाही. त्यांनी कप खाली ठेवला आणि खुर्चीत मागे टेकून बसले.

"मग आता मी इकडं राहिलो तरी चालते," ते म्हणाले. नागपुरात येऊन त्यांना तेव्हा तीन वर्षं होत आली होती.