मेण न लावलेली दोरी

डोनाऊ नदीकाठच्या त्या गावात आपोलोनियानं तीस वर्षं आडव्या धनुष्यांच्या दोऱ्या वळल्या. आधी नवऱ्याबरोबर, मग त्याच्या माघारी. कारागीर-संघाचा नियम असा, की शहराचं काम हाती असेपर्यंतच विधवेनं कारखाना चालवावा. काम संपलं की दाराला कुलूप.

त्या वसंतात शस्त्रागाराचा कारभारी म्हणाला, "बाई, यंदा दोऱ्या नकोत. चाळीस हातबंदुका घेतल्यात."

शेजारी तोफखान्याचा उस्ताद योस उभा होता. दारूनं भुवया होरपळलेल्या. तो म्हणाला, "बंदुकीलाही दोरी लागते, कारभारी. दारूला बत्ती द्यायला, पेटती. आपली विकतची ऐन वेळी विझते. बाईंना करू द्या की."

आठवड्यानं ती वीस हात दोरी घेऊन आली. योसनं टोक पेटवलं, तर भक्कन ज्योत उठली आणि त्याच्या जोड्यावर मेण ठिबकलं.

"अहो, ही तर मेणबत्ती!" कारभारी हसला. "लढाईला जायचंय, चर्चमधल्या मिस्सेला नव्हे!"

आपोलोनियाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मेण चोळल्याशिवाय दोरी घराबाहेर काढायची नाही, ही नवऱ्याची शिस्त. हातांनी तिला न विचारताच मेण चोळलं होतं.

योसनं जोडा झटकला. "हसताय काय? सूत बघा, कुठं गाठ आहे का? बाई, मेण सोडा, पीळही सैल ठेवा. धनुष्यावर ताण सोसायचा, बंदुकीवर नुसतं धुमसायचं."

"राखेच्या पाण्यात उकळू?"

"उकळा, म्हणजे ज्योत न उठता निखारा टिकेल. रविवारपर्यंत मी थांबतो. कारभारीही थांबतील."

ताग तोच, चाक तेच. हात पुन्हा तिकडे जायला नको, म्हणून तिनं मेणाचा गोळा शेजारणीकडे ठेवायला दिला.

रविवारी मिस्सेआधी योसनं चर्चच्या पायरीवर नवी दोरी पेटवून ठेवली. मिस्सा संपली तेव्हा जेमतेम वीतभर जळली होती, टोक लालबुंद. कारभाऱ्यानं बोट लावून पाहिलं आणि झटकन तोंडात घातलं.

"दोनशे हात द्या," तो बोट चोखत म्हणाला. "आणि बारा धनुष्यांच्या दोऱ्याही. बुरुजावरचे म्हातारे बंदुकीला शिवत नाहीत."

आपोलोनियाचे डोळे भरले. "उस्ताद, फार उपकार केलेत."

"उपकार कसले, बाई? उरलेल्या भुवया वाचल्या माझ्या!"

घरी जाताना तिनं शेजारणीकडून मेण परत घेतलं. बारा दोऱ्यांपुरतं बाजूला काढलं आणि उरलेल्याची एक मेणबत्ती केली, तोफवाल्यांच्या संत बार्बरासाठी. नवऱ्याचं आणि योसचं नाव घेत ती तिनं आपल्याच दोरीच्या निखाऱ्यानं पेटवली.