बंद लूमचा आवाज

लिंबायतमध्ये यंत्रमागांच्या, म्हणजे लूमच्या, गल्लीत आमचं घर; तिथं हळू बोलायची सोयच नव्हती. माझ्या वडिलांची, आबांची, उभी हयात लूमवर गेली आणि त्या खडखडाटात कानही गेले. त्यांच्याशी बोलायचं तर घसा फाडूनच. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटे, इथं रोजच कडाक्याचं भांडण असतं. पुढं मी कानाची डॉक्टर झाले.

आमच्या कानाच्या डॉक्टरांच्या संघटनेकडे जागतिक मार्गदर्शक नियमांचा एक मसुदा अभिप्रायासाठी आला. कारखान्यातल्या आवाजापासून कामगारांचे कान कसे जपावेत, याचे नियम. पुढं देशोदेशीची सरकारं हाच कित्ता गिरवणार. किती ऐकू येत नाही याचा त्यात सगळा हिशेब होता. बाहेर आवाज नसतानाही कानात जे वाजत राहतं, त्याबद्दल चकार शब्द नाही. प्रत्येक तपासणीत कामगाराला हे विचारलंच पाहिजे, अशी ओळ आम्ही सुचवली. ती मांडायचं काम माझ्याकडे आलं. ऑनलाइन बैठकीत परदेशातले एक डॉक्टर म्हणाले, "जे फक्त रुग्णालाच ऐकू येतं, ते धोरणात घालायचं कसं?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला.

मधल्या दिवसांत आबांना तपासायला दवाखान्यात आणलं. आवाजबंद खोलीत बसवलं, हेडफोन लावले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. दार लावून मी काचेपलीकडे बसले. अजून काहीच सुरू केलं नव्हतं, तोच बटण दाबलं की लागणारा माझ्यासमोरचा दिवा लागला. विझला. पुन्हा लागला. यंत्र बिघडलं असं वाटून मी ते बंदच केलं आणि काचेतून पाहिलं. आबांचे डोळे मिटलेले होते आणि अंगठा ठेक्यात बटण दाबत होता. कान वाजतात ते बहुधा एकसुरी. हा लूमचा ठेका मात्र मी पाळण्यात असल्यापासून ऐकलेला. त्यांचं लूमचं खातं, म्हणजे तो कारखाना, कधीच पाडलाय, तिथं आता साड्यांचं दुकान आहे.

दार उघडून मी ओरडले, "आबा, मी अजून काहीच लावलं नाही!"

ते माझ्या ओठांकडे बघून हसले. "लूम चालूच शे ना, माय. त्याले कोन बंद करी?"

पुढच्या बैठकीत मी हे सांगितलं. रुग्ण माझे वडील आहेत हे नाही सांगितलं, आवाज थरथरला असता. मग इतर देशांच्या संघटनांनी आपापले रुग्ण सांगितले आणि आमची री ओढली. ओळ मसुद्यात गेली.

मी धावतच घरी आले, आबांच्या कानाशी ओरडले, "तुमच्या कानातला लूम आता जगाच्या नियमांत आला!"

त्यांचा चेहरा असा उजळला, की मला भीतीच वाटली.

"मंग आते तो बंद व्हई का?"

मी मान हलवली. नाही. एवढ्यात वीज गेली, पंखा थांबला, गल्लीतले लूमही थांबले. आबांनी समजूत घालावी तसा माझा हात हातात घेतला. त्या शांततेत त्यांचं बोट माझ्या मनगटावर ठेका धरून पडत राहिलं.